बारावी वाणिज्यनंतर बी.कॉम. एलएल.बी. करावे, की आधी सी.ए. आणि मग वकिली?

वारणाकाठ

नमस्कार. माझी मुलगी यंदा सांगलीतून वाणिज्य शाखेत बारावी उत्तीर्ण झाली. गेली दोन वर्षे ती सुट्टीत माझ्या चुलतभावाच्या कर सल्लागार कार्यालयात बसते. सुरुवातीला टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी करण्यापुरतेच तिचे काम होते. परंतु गेल्या दिवाळीत तिथे एका भागीदारी पेढीच्या फुटीचे प्रकरण आले, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनी एकाच ताळेबंदाचे दोन निराळे अर्थ लावलेले पाहिल्यापासून तिला कायदा शिकायचा आहे. हिशेब मात्र सोडायचा नाही, असेही तिचे म्हणणे आहे.

तिने स्वतःच चौकशी करून गांधीनगरच्या गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठातील पाच वर्षांच्या बी.कॉम. एलएल.बी.ची माहिती काढली. चुलतभावाच्या मते हे दोन डगरींवर पाय ठेवणे आहे, आधी सी.ए. व्हावे आणि वकिलीचे नंतर पाहावे, असे तो म्हणतो. मी साखर कारखान्यात नोकरी करतो, माझे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, त्यामुळे कोणाचे बरोबर हे मला तोलता येत नाही. अशा एकत्रित पदवीत हिशेबाचे शिक्षण खरोखर किती होते, वकिली आणि सी.ए. हे दोन्ही व्यवसाय पुढे एकाच व्यक्तीला करता येतात का, आणि तीन वर्षांनी तिचे मन बदलले तर निदान बी.कॉम. तरी पदरात पडते का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

कीर्द_खतावणी

आपला दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण बहुतेकांना तो पदवी हातात आल्यावर पडतो. मी पुण्यात सी.ए. झाले, सहा वर्षे प्रॅक्टिस केली, त्यानंतर तीन वर्षांचे एलएल.बी. केले, आणि आता वकिलीची सनद घेऊन करविषयक अपिले चालवते. दोन्ही पदव्या जवळ बाळगण्यास कोणाचीच हरकत नसते. दोन्ही व्यवसाय एकाच वेळी करण्यास मात्र दोन्हीकडून हरकत आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखालील बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला दुसरा व्यवसाय चालवता येत नाही किंवा पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्टनुसार प्रॅक्टिस करणाऱ्या सी.ए.लाही सी.ए.च्या नियामक इन्स्टिट्यूटच्या परवानगीवाचून दुसऱ्या उद्योगात पडता येत नाही. सनदेसाठी अर्ज करण्यापूर्वी प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र, ज्याला आम्ही सीओपी म्हणतो, मला परत करावे लागले. त्या दिवसापासून माझ्या सहीने ऑडिट रिपोर्ट निघणे बंद झाले, आणि ज्या अशिलांचे ताळेबंद मी वर्षानुवर्षे पाहत आले होते, त्यांच्या फायली दोरी बांधून भागीदाराच्या टेबलावर ठेवाव्या लागल्या. चुलतभाऊ डगरींविषयी म्हणतात ते या एका बाबतीत खरे आहे.

तरीही मी ते केले, याचे कारण सांगते. प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरण १९४१ पासून चालत आले आहे, आणि त्याच्या खंडपीठावर साधारणपणे एक न्यायिक सदस्य आणि एक लेखा सदस्य शेजारी शेजारी बसतात. म्हणजे आपली कन्या जे दोन विषय एकत्र शिकू पाहते, ते तिथे एकाच बाकावर बसलेले असतात. तिथे सी.ए.ला अशिलातर्फे उभे राहता येते, जीएसटीच्या अपिलात येते, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातही येते. परंतु प्रकरण उच्च न्यायालयात गेले की वकीलपत्र लागते. घसाऱ्याचे एक प्रकरण मी चार वर्षे सांभाळले आणि न्यायाधिकरणात जिंकले. प्राप्तिकर खात्याने त्यावर उच्च न्यायालयात अपील केले, आणि ज्या प्रकरणाचा कागद न् कागद मला पाठ होता, त्याच्या सुनावणीत मी मागच्या रांगेत बसून वकिलांकडे चिठ्ठ्या सरकवत होते. त्यांतली एक चिठ्ठी त्यांनी उलटी धरून वाचण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी मी विधी शाखेच्या सीईटीचा अर्ज भरला.

वेळेचा हिशेबही पाहावा. सी.ए.च्या २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे आणि परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात. एकही प्रयत्न वाया गेला नाही तर बारावीनंतर सुमारे साडेचार वर्षांत अंतिम परीक्षेला बसता येते. त्यावर तीन वर्षांचे एलएल.बी. धरले तर साडेसात होतात. उलट क्रमाने, म्हणजे पाच वर्षांची एकत्रित पदवी आणि मग पदवीच्या आधारे सी.ए. इंटरमीजिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, थेट प्रवेश, असे गेल्यास आठ-साडेआठ. फरक वर्षाचाच आहे. प्रयत्न वाया जात नाहीत, हे गृहीत मात्र फार मोठे आहे. माझा स्वतःचा विषयांचा एक ग्रुप दोनदा राहिला होता.

तिसरा_बाक

मी गुजरातमध्ये बी.कॉम. एलएल.बी.च्या चौथ्या वर्षाला आहे. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे.

काकांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत एकत्रित पदवी मध्येच तोडून त्यातील एक पदवी देण्यास मनाई आहे, तसेच बी.कॉम. झालेल्या विद्यार्थ्याला मधल्या वर्षात घेण्यासही मनाई आहे. माझी एक वर्गमैत्रीण तिसऱ्या वर्षानंतर सोडून गेली, तेव्हा तिच्या हातात फक्त गुणपत्रिका होत्या. मन बदलण्याची शक्यता जिथे खरोखर वाटते, तिथे आधी साधे बी.कॉम. आणि मग तीन वर्षांचे एलएल.बी. हा मार्ग एका वर्षाने लांब असला तरी अधिक सुरक्षित आहे.

गांधीनगरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लगेच तपासावी. तिथला प्रवेश क्लॅटमधून, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो, आणि ती परीक्षा अलीकडे आदल्या डिसेंबरमध्येच होते. ताईने ती दिली नसेल तर यंदाची गाडी सुटली आहे आणि पुढच्या डिसेंबरची तयारी करावी लागेल. महाराष्ट्राची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी वेगळी आहे, तिची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मात्र आपल्याकडच्या महाविद्यालयांत पाच वर्षांसाठी बी.ए. किंवा बी.बी.ए. जोडलेले, मुंबई विद्यापीठात बी.एल.एस., असे अभ्यासक्रम अधिक आढळतात आणि बी.कॉम. जोडलेले शोधावे लागते.

आता हिशेब किती होतो, याविषयी. वित्तीय लेखांकन, परिव्यय लेखांकन, कंपनी लेखे, लेखापरीक्षण आणि करआकारणी हे सगळे आम्हाला आहे, परंतु ते करारकायदा, अपकृत्ये, संविधान आणि फौजदारी कायदा यांच्या मधल्या फटींत बसवलेले आहे. माझ्या दुसऱ्या वर्षात हिशेबाचे शिक्षक एका सत्रात तीनदा बदलले, कारण विधी महाविद्यालयात तो विषय पाहुण्या प्राध्यापकांवर चालतो. समूह कंपन्यांच्या एकत्रित ताळेबंदाला दोन तास मिळाले, आणि त्यांतला एक तास प्रोजेक्टर सुरू होण्यात गेला. म्हणजे साध्या बी.कॉम.इतके होते, सी.ए.च्या जवळपासही होत नाही. बार कौन्सिलच्या सक्तीच्या विषयांत व्यावसायिक नीतिमत्तेच्या जोडीला ‘व्यावसायिक लेखापद्धती’ असा एक पेपर आहे. तो ऐकायला आमच्याच कामाचा वाटतो, प्रत्यक्षात मात्र वर्गातील अर्ध्या मुलांना त्यात नावे आणि जमा यांतला फरक पहिल्यांदा कळतो.

फायदा निराळ्या ठिकाणी होतो. कंपनी कायद्यात भांडवल कमी करण्याचा विषय निघाला तेव्हा बी.ए.वाले मित्र कलमाचे शब्द पाठ करत होते. आम्हाला ताळेबंदाच्या कोणत्या बाजूला कोणता आकडा खाली येणार आणि धनको त्यामुळे का घाबरतो, हे कागदावर दिसत होते. शिवाय पाच वर्षांत किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे, सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही, आणि मी त्यांतले आठ आठवडे दिवाळखोरीची प्रकरणे पाहणाऱ्या कार्यालयात काढले. धनकोंचे दावे पडताळण्याचे काम तिथे मला पहिल्याच आठवड्यात मिळाले, केवळ खातेउतारा वाचता येतो म्हणून.

रोजनामा

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामे करतो आणि माझी मूळ पदवी बी.कॉम. आहे. वरील दोघांनी मोठ्या न्यायाधिकरणांचे लिहिले. मी तालुक्याच्या पातळीवरचे एक उदाहरण देतो, कारण मुलीला जे आवडले तेही भागीदारी पेढीचेच प्रकरण होते.

एका अडत दुकानदाराने माझ्या अशिलावर ४,८०,००० रुपयांचा दावा लावला. रोख उसने दिले, असे त्याचे म्हणणे होते, आणि पुरावा म्हणून कीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, एका पानाची नक्कल जोडली होती. त्या तारखेला अशिलाच्या नावे ४,८०,००० रोख, अशी नोंद स्वच्छ अक्षरात होती. माझ्या अशिलाने आधी एका सी.ए.चा सल्ला घेतला होता. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने स्वीकारण्यास १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २६९एसएसची मनाई असल्याने हा दावा टिकूच शकत नाही, असे त्यांनी सांगितले होते. हा लेखापालाचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. त्या कलमाचा भंग झाल्यास कर्ज घेणाऱ्याला दंड होतो. कर्ज नाहीसे होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये न वटलेल्या धनादेशाच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला याच्या उलट, पक्का वकिली होता. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे, व्यवसायाच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद संबद्ध असते, परंतु केवळ तिच्यावरून कोणावर दायित्व लादता येत नाही. १९९८ मध्ये हवाला डायऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद आणि बांधलेली वही यांत जो फरक केला, तोही त्यांनी दाखवला. हे सर्व बरोबरच होते. अडचण एवढीच, की समोरच्याकडे वही बांधलेली होती आणि नोंदीला दुजोरा द्यायला दोन साक्षीदार तयार होते.

म्हणून मी मूळ वही न्यायालयासमोर मागवली. लाल कापडी बांधणीची लांब कीर्द आली. त्या पानावर सकाळची आरंभीची शिल्लक होती ६१,३५०. दिवसभरातील रोख जमा होती १,१२,४००. म्हणजे पेटीत त्या दिवशी जास्तीत जास्त १,७३,७५० रुपये असू शकत होते, आणि त्यातून ४,८०,००० गेले होते. इतर खर्च धरण्याआधीच शिल्लक उणे ३,०६,२५० येते. बँकेचे खाते उणे जाऊ शकते, पेटी उणे जाऊ शकत नाही. पानाच्या तळाशी मात्र शिल्लक लिहिली होती १,३४,२००, कारण त्या दिवशीचा खरा खर्च ३९,५५० एवढाच होता आणि बेरीज तेवढ्यावरच केलेली होती. मोठी नोंद बेरजेनंतर, दोन ओळींच्या मध्ये आली होती. ती करणाऱ्याने शिल्लक पुढच्या पानावर नेलेली बदलली नाही, कारण तसे करायचे तर वर्षअखेरपर्यंतचे प्रत्येक पान बदलावे लागले असते.

उलटतपासणीत मी वादीला एकच बेरीज मोठ्याने करायला लावली. तो अकरावी वाणिज्य शिकलेला होता. बेरीज पूर्ण होण्याआधीच तो थांबला आणि पाणी मागितले.

यात कलम २८ माहीत नसते तर मूळ वही का मागावी हे सुचले नसते, आणि कीर्द लिहिता येत नसती तर वही समोर असूनही काही दिसले नसते. सी.ए. नसतानाही हे जमते, हे मुद्दाम लिहितो; बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा हिशेब नीट पचलेला असला तरी तालुक्याच्या न्यायालयात तो पुष्कळ दिवस पुरतो. माझे मत एकत्रित पदवीच्या बाजूने आहे, मात्र शिक्षक पाहुणे असोत वा घरचे, हिशेब तिने हाताने वही लिहून शिकावा.

वारणाकाठ

आपणा सर्वांचे आभार. उत्तरे मुलीला वाचून दाखवली. क्लॅट दिलेली नव्हती, त्यामुळे गांधीनगर यंदा शक्य नाही. आता तिचा विचार असा आहे, की इथेच बी.कॉम.ला प्रवेश घेऊन सोबत सी.ए. फाउंडेशन द्यावे आणि डिसेंबरमध्ये क्लॅटही द्यावी. क्लॅटमधून प्रवेश मिळाला तर विधी पदवी आणि सी.ए.ची नोंदणी दोन्ही चालू ठेवता येतील का?

घसारा

बिनधास्त ठेवावी. सी.ए. हा विद्यापीठाचा अभ्यासक्रम नसल्यामुळे कोणी विचारत नाही. माझ्या वर्गातील निदान दहा जण दोन्ही करत होते. शिवाय २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानेच दोन पदव्या एकाच वेळी करण्यास परवानगी दिली आहे.

कीर्द_खतावणी

घसारा यांचे उत्तर व्यवहारात अनेकदा खरे ठरते, परंतु पालकांनी त्यावर विसंबू नये. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच व्यावसायिक परिषदांचे नियम लागू राहतील असे म्हटले आहे, आणि बार कौन्सिलच्या नियमांत विधी पदवीसोबत अन्य विद्यापीठाच्याच नव्हे, तर शैक्षणिक किंवा व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या अभ्यासक्रमाला नोंदणी करण्यास मनाई आहे. दूरशिक्षणाचे आणि भाषा-संगणकाचे छोटे अभ्यासक्रम तेवढे वगळले आहेत. सी.ए. त्यात बसते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद सनदेच्या अर्जाच्या वेळी आपल्या मुलीला घालावा लागू नये. प्रवेश घेताना महाविद्यालयाकडे लेखी विचारावे आणि उत्तराची प्रत जपून ठेवावी.

त्याहून मोठी अडचण घड्याळाची आहे. विधी शाखेत प्रत्येक विषयाला ७० टक्के उपस्थिती लागते, आणि आर्टिकलशिप हे दिवसभराचे काम आहे. इन्स्टिट्यूटकडे आर्टिकलशिपच्या काळात दुसरे शिक्षण घेण्यासाठी ११२ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि वर्गाची वेळ कामाच्या वेळेवर येत नाही हे महाविद्यालयाकडून लिहून घ्यावे लागते. मी ज्या कार्यालयात आर्टिकलशिप केली, तिथे एका सहकाऱ्याने हा फॉर्म न भरता एलएल.बी.ला नाव घातले. सप्टेंबरमध्ये, ऑडिटच्या ऐन धांदलीत, त्याची सत्र परीक्षा आली, आणि त्याने तीन दिवस आजारी असल्याचे कळवले. चौथ्या दिवशी परीक्षेच्या मूळ उत्तरपत्रिकेची पुरवणी त्याच्या बॅगेतून आमच्याच व्हाउचरच्या गठ्ठ्यात पडली. त्याची आर्टिकलशिप वाचली, एलएल.बी. मात्र सुटले.

तेव्हा फाउंडेशन यंदा जरूर द्यावे. चारच पेपर आहेत, त्यांत एक व्यापारी कायद्यांचा आहे, आणि त्या पेपरची उत्तरे लिहिताना तिला रस येतो की कंटाळा, हे डिसेंबरच्या आत आपोआप समजेल. इंटरमीजिएटचा विचार क्लॅटच्या निकालानंतर करावा. तिने बी.कॉम.च पूर्ण केले तरी ते वाया जात नाही. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कोणतीही पदवी चालते, आणि सर्वसाधारण प्रवर्गाला ४५ टक्के गुण पुरतात.

वारणाकाठ

रोजनामा यांना मुलीचा एक प्रश्न आहे, तो तिच्याच शब्दांत देतो: “त्या दिवशी बँकेतून रोख काढली असेल आणि तिची नोंद कीर्दीत दुसऱ्या दिवशी झाली असेल, तर खोटेपणा नसतानाही शिल्लक उणे दिसू शकते. आपण पासबुक पाहिले होते का?”

रोजनामा

फेरतपासणीत वादीच्या वकिलांनी हाच खुलासा पुढे केला होता, परंतु त्यांना तो सुचायला मधली सुट्टी लागली. पासबुक आम्ही आधीच दाखल करून घेतले होते. त्या आठवड्यात बँकेतून पैसे काढले गेले ते शुक्रवारी, १५,००० रुपये. आणि नोंद मंगळवारची होती.

न्यायालयाची उन्हाळी सुट्टी संपल्यावर मुलीला एखाद्या दिवशी जरूर पाठवावे. सोबत फूटपट्टी आणावी, जुन्या कीर्दीतील ओळी फार जवळजवळ असतात.